मुंबईच्या फ्लॅटमधील कॉकर स्पॅनिएल: आधी थांबायला शिकवा, मग शोधायला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे ९ आठवड्यांचे इंग्लिश कॉकर स्पॅनिएलचे नर पिल्लू आले आहे आणि ते कामाच्या वंशावळीतले आहे असे ब्रीडरने सांगितले आहे. विलेपार्ल्यात चौथ्या मजल्यावर तुमचा फ्लॅट आहे. घरी तुम्ही दोघे, दिवसभर घरात असणारी आई आणि १० वर्षांची मुलगी. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे १६ आठवड्यांपर्यंत, पिल्लाला खाली नेऊ नका असे पशुवैद्यांनी सांगितले आहे, तर आत्ताच जग दाखवले नाही तर कुत्रा भित्रा निघेल असे एका मित्राने बजावले आहे. पिल्लू गॅलरीतल्या कबुतरांवर झेपावते, मोजे पळवते आणि ते काढून घ्यायला गेले की गुरगुरते. गणपती तोंडावर आले आहेत. कर्जतला मामांची शेती आहे, तिथे त्याला गनडॉगचे, म्हणजे शिकाऱ्यासोबत पक्षी शोधून आणणाऱ्या कुत्र्याचे, काम शिकवता येईल का आणि सुरुवात कुठून करावी, हे तुम्हाला हवे आहे.

हे चार-पाच वेगवेगळे प्रश्न दिसत असले तरी माझ्या मते प्रश्न मुळात एकच आहे. स्पॅनिएलला हुंगायला, धावायला आणि तोंडात धरून आणायला शिकवावे लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याची पैदासच त्यासाठी झाली आहे. शिकवावे लागते ते थांबायला. प्रत्यक्ष कामात स्पॅनिएल बंदूकधाऱ्याच्या पुढे, बंदुकीच्या टप्प्यात म्हणजे साधारण ३० मीटरच्या आत, डावी-उजवीकडे फिरत झुडपे धुंडाळतो, पक्षी उडवतो आणि पक्षी उडताक्षणी जागच्या जागी बसतो. बार झाला, पक्षी पडला, तरी सांगितल्याशिवाय उठत नाही. सांगितल्यावर मात्र तो पक्षी दात न लावता उचलून मालकाच्या हातात देतो. या संपूर्ण कामात कुत्र्याच्या उपजत ओढीविरुद्ध जाणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे समोर काहीतरी फडफडत असताना बसून राहणे आणि मालकाकडे बघणे. तुमच्या गॅलरीतले कबूतर, मुलीचा मोजा, मिरवणुकीतला ढोल आणि लिफ्टमध्ये भेटणारे शेजारी या सगळ्यांसमोर पिल्लाला हेच शिकायचे आहे. म्हणून माणसांत आणि आवाजांत रुळवणे हे एक काम आणि गनडॉगचे शिक्षण हे दुसरे, असे दोन कप्पे कृपया करू नका.

मुंबईत शोधून आणणाऱ्या जातींच्या कुत्र्यांना आणि त्यांच्या मालकांना शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे, आणि त्या अनुभवावरूनच पुढचे सांगते. पण काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. पहिली म्हणजे वंशावळ. कॉकरमध्ये कामाची आणि प्रदर्शनाची अशा दोन शाखा पडलेल्या आहेत. कामाच्या शाखेतला कुत्रा अंगाने सडसडीत, कमी केसांचा आणि तुलनेने आखूड कानांचा असतो आणि त्याला स्वस्थ बसणे जड जाते. प्रदर्शनाच्या शाखेतल्याचे कान लांब, केस दाट आणि कामाची ओढ सहसा जरा कमी. ब्रीडरच्या शब्दावर विसंबण्याऐवजी नोंदणीपत्रावरची पूर्वजांची नावे पाहा आणि शक्य असल्यास आई-बाप प्रत्यक्ष बघून या. पहिल्या सहा महिन्यांचा कार्यक्रम दोघांचाही सारखाच असतो, पण त्यानंतर किती पुढे जाता येईल हे बरेचसे यावर ठरते.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्रीडरकडे गेलेले आठवडे. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या पिल्लांचा दीर्घकाळ अभ्यास केला, आणि त्या पाचांत कॉकर स्पॅनिएलही होता. पिल्लू माणसांना आणि नव्या गोष्टींना सहजपणे आपलेसे करते तो काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा, हे त्या कामातून ठळकपणे पुढे आले. म्हणजे तुमच्या पिल्लाचा निम्म्याहून अधिक काळ ब्रीडरकडेच गेला आहे. ते घरातल्या माणसांत, भांड्यांच्या आवाजात वाढले असेल तर तुम्ही पुढून सुरुवात करत आहात. मागच्या अंगणातल्या पिंजऱ्यात वाढले असेल तर त्याच पायऱ्या अधिक सावकाश चढाव्या लागतील. तिसरी गोष्ट म्हणजे तुमच्या परिसरातले आजारपण, आणि ते तुमच्या पशुवैद्यांनाच ठाऊक असणार.

यावरून लसींच्या प्रश्नाकडे येते. पशुवैद्य आणि मित्र दोघांचेही म्हणणे खरे आहे. ते एकमेकांना छेद देतात असे फक्त वाटते. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि जिथे भटक्या कुत्र्यांचा वावर आहे अशा मुंबईतल्या कोणत्याही फुटपाथवर तो असू शकतो. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणूनच ६ ते ८ आठवड्यांपासून १६ आठवड्यांपर्यंत लस तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा द्यावी लागते. दुसरीकडे, अमेरिकेतील पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेची जाहीर भूमिका अशी आहे की पहिली लस आणि जंताचे पहिले औषध होऊन किमान ७ दिवस झाले की पिल्लाला स्वच्छ जागेतल्या पिल्लांच्या प्रशिक्षण वर्गात नेण्यास हरकत नाही, कारण नीट न रुळलेल्या कुत्र्याचे पुढचे आयुष्यही धोक्यातच असते. या दोन्हींचा मेळ घालण्याचा मार्ग सोपा आहे: पिल्लाने जग बघावे, पण त्याचे पाय रस्त्यावरच्या जमिनीला लागू नयेत.

त्यामुळे त्याला कडेवर किंवा खांद्याच्या झोळीत घेऊन खाली न्या. झोळीत असतानाही पट्टा आणि लीश लावलेली असू द्या, कारण दचकलेले पिल्लू क्षणात निसटते. पायऱ्यांवर, सोसायटीच्या बाकावर, रिक्षात, स्टेशनबाहेर जिथून लोकलचा आवाज येतो पण गर्दी अंगावर येत नाही अशा ठिकाणी दहा-बारा मिनिटे बसा आणि परत या. इमारतीच्या गच्चीवर कुत्री-मांजरी जात नसतील तर ती जागा धुऊन, कोरडी करून पिल्लाला चालायला वापरता येईल. सोसायटीच्या सचिवांना आधी विचारून घ्या, म्हणजे पुढचे वाद टळतील. लसीकरण पूर्ण झालेला, शांत स्वभावाचा एखादा मोठा कुत्रा ओळखीत असेल तर त्याला घरी बोलवा. चपला दाराबाहेर ठेवण्याची आपल्याकडची पद्धत या काळात पाहुण्यांसाठीही काटेकोरपणे पाळा. परिसरात पार्व्होची साथ आहे असे पशुवैद्य म्हणाले तर मात्र त्यांचा शब्द अंतिम माना आणि तेवढे दिवस गॅलरी, जिना आणि घरी येणारी माणसे यांवरच भागवा.

आता या फेऱ्यांत करायचे काय, याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. पिल्लाला माणसांत रुळवायचे म्हणजे भेटेल त्याच्या हातात द्यायचे, असे बहुतेकांना वाटते. दिसायला गोड असल्यामुळे कॉकरच्या वाट्याला हे जास्तच येते. लिफ्टमध्ये शिरल्याबरोबर चार हात पुढे येतात. असे वाढलेले पिल्लू वर्षभराचे झाले की प्रत्येक माणूस म्हणजे मेजवानी असे समजून लीश ताणते, आणि बुजरे असेल तर परक्या हाताची धास्ती घेते. मला पिल्लाकडून हवे असते ते एवढेच की माणसे, मुले, सायकली, भाजीची गाडी, दुसरी कुत्री हे सगळे त्याने स्वस्थपणे बघावे आणि मग आपणहून माझ्याकडे मान वळवावी. ज्या क्षणी मान वळते त्या क्षणी खाऊ द्यायचा. शेजाऱ्यांपैकी दोघा-तिघांनी पिल्लू शांत बसलेले असताना त्याच्या छातीखाली हळू हात फिरवला तर ते चांगलेच, पण दहांपैकी आठ जणांना नम्रपणे "आज नुसते बघा" असे सांगायला शिका. शांतपणे बघण्याची हीच सवय पुढे उडणाऱ्या पक्ष्यासमोर उपयोगी पडते.

पिल्लू घाबरले आहे की नाही हे त्याच्या शेपटीपेक्षा त्याच्या तोंडावरून लवकर कळते. घरी शांत असताना उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा तुमच्या बोटांतून ते कसे घेते हे नीट पाहून ठेवा. ओठांनी, जिभेने, हलकेच घेत असेल तर तो त्याचा नेहमीचा स्वभाव. बाहेर बसल्यावर त्याच तुकड्यासाठी बोटांना दात लागू लागले, तर ते आतून तणावले आहे. आणि तुकडा नाकाला लावूनही त्याने तोंड फिरवले तर तुम्ही फार जवळ आला आहात. अशा वेळी समजूत घालत तिथेच थांबू नका, पुढे तर मुळीच नेऊ नका. मुकाट्याने मागे जा, जिथे ते पुन्हा हलकेच खाऊ घेईल तिथे थांबा आणि थोड्या वेळाने घरी जा. मी शिकवायला जाते त्या प्रत्येक घरी पहिल्या दिवशी हेच दाखवते.

गणपतीचे ढोल-ताशे हे संकटही आहे आणि संधीही. मिरवणूक खालून जाईल तेव्हा पिल्लाला गॅलरीत उभे करू नका. आतल्या खोलीत, खिडक्या बंद करून, पंखा लावून बसा. आवाज जेमतेम ऐकू येईल इतका असू द्या. आवाज आधी, खाऊ नंतर, हा क्रम मोडू नका: ढोलाचा ठोका ऐकू आला की लगेच तुकडा, शांतता झाली की तुकडे बंद. उलट क्रमाने केल्यास खाऊ दिसला की आता काहीतरी भयंकर होणार, असे पिल्लू शिकते. गनडॉगला बंदुकीच्या बाराची सवय याच तत्त्वाने लावतात; पहिला बार खूप लांबून, कुत्रा आवडत्या कामात गुंतलेला असताना, आणि अंतर कमी करत जाणे अनेक आठवड्यांत. बाराला बिचकणारा कुत्रा पुन्हा कामाला येणे फार अवघड असते. तुम्हाला बंदूक वापरायची नसली तरी दिवाळीत पिल्लू साडेचार महिन्यांचे असेल, आणि आज केलेली ही तयारी तेव्हा कामी येईल. दिवाळीच्या आठवड्यात त्याला संध्याकाळी खाली नेऊ नका. फिरवणे पहाटे आणि दुपारी उरकून घ्या.

कबुतरांबद्दल मात्र मी कडक आहे. पिल्लू झेपावते, कबूतर उडते, आणि पिल्लाच्या दृष्टीने त्याचे काम फत्ते होते. त्याला बक्षीस मिळाले आणि ते तुम्ही दिलेले नव्हते. दिवसातून पन्नास वेळा हेच होत राहिले तर पाठलाग करणे हेच त्याला सर्वांत पक्के येईल, आणि पुढे शिवाजी पार्कच्या कडेला किंवा मामांच्या शेतावर तुमची हाक त्याच्या कानात शिरणार नाही. गॅलरीला जाळी बसवून घ्या, आणि ती बसेपर्यंत दार बंद ठेवा. चौथ्या मजल्यावर ते सुरक्षेसाठीही गरजेचे आहे. त्यानंतर दिवसातून एकदा लीश लावून, दारापासून तीन-चार पावले आत बसा. कबूतर कठड्यावर येऊन बसले की पिल्लू ताठ होईल, कान पुढे येतील. काही बोलू नका, लीश ओढू नका, फक्त ते पुढे जाणार नाही एवढी धरून ठेवा. काही सेकंदांनी ते सैल पडेल, बूड टेकेल किंवा तुमच्याकडे बघेल. तेव्हा खाऊ द्या. काही आठवड्यांत असे होते की कबूतर फडफडले की पिल्लू आपणहून बसून तुमच्याकडे बघू लागते. गनडॉगच्या शिक्षणातला सर्वांत मोलाचा धडा असा मुंबईच्या गॅलरीत बसून देता येतो, आणि पुष्कळदा मला वाटते की शेतापेक्षा तो इथेच चांगला देता येतो, कारण कबुतरे रोज येतात.

मोज्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. कॉकर ही तोंडात वस्तू धरण्यासाठी घडवलेली जात आहे, आणि धरलेली वस्तू राखून ठेवण्याची, जवळ आलेल्यावर गुरगुरण्याची प्रवृत्तीही या जातीत बऱ्यापैकी दिसते. आपण मागे धावतो, कोपऱ्यात गाठतो, जबडा उघडून मोजा काढतो, आणि त्यातून पिल्लू दोन गोष्टी शिकते: वस्तू सापडली की पळावे, आणि माणूस जवळ आला की वस्तू जाते. पुढे ज्या कुत्र्याने वस्तू आणून हातात द्यावी अशी अपेक्षा आहे, त्याला आपण नेमके उलटे शिकवलेले असते. गुरगुरण्याबद्दल रागावू तर नकाच. गुरगुरणे ही सूचना आहे, आणि ती दाबून टाकलेला कुत्रा पुढे सूचना न देता चावतो.

त्याऐवजी असे करा. मोजे, चपला, मुलीची खेळणी उचलून वर ठेवा, म्हणजे चुकीची वस्तू तोंडात जाण्याचे प्रसंगच कमी होतील. मग बेडरूमपासून हॉलपर्यंतच्या अरुंद पॅसेजमध्ये बाकीची दारे लावून बसा आणि गुंडाळलेला जुना मोजा दोन-तीन मीटरवर हळूच टाका. पिल्लू तो उचलेल आणि परत यायला त्याला तुमच्याकडचीच वाट असेल. आल्यावर मोज्याला हात लावू नका. बसल्या बसल्या त्याला कुशीत येऊ द्या, छातीवरून, पाठीवरून हात फिरवा, कौतुक करा, मोजा त्याच्या तोंडातच असू द्या. थोड्या वेळाने दुसऱ्या हाताने चिकनचा तुकडा नाकाशी न्या; तोंड सुटले की "सोड" म्हणा, तुकडा द्या, आणि मोजा पुन्हा त्याच्याच समोर ठेवा. वस्तू परत मिळते हा अनुभव यातला गाभा आहे. एका वेळी दोनदा पुरे. तिसऱ्यांदा त्याला हवे असतानाच थांबा. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलताना हिरड्या दुखतात, तेव्हा हे आणण्याचे खेळ अगदी कमी करा, नाहीतर वस्तू धरणे आणि दुखणे यांची सांगड बसते. मोज्याची खेचाखेच मात्र कधीच नको, आणि तो नियम मुलीला आधी समजावून सांगा. पिल्लू काहीतरी चघळत असताना तिने त्याच्याजवळ न जाता आजीला हाक मारायची, एवढे ठरवून टाका.

आज्ञांबद्दल थोडे. घरात एकाने "बस", दुसऱ्याने "बैठ" आणि तिसऱ्याने "सिट" म्हणायचे, असे चालणार नाही; शब्द कोणताही चालेल, पण तो सगळ्यांचा एकच हवा. बोलावण्यासाठी "ये" आणि सोडवण्यासाठी "दे" हे दोन शब्द ऐकायला फार जवळचे आहेत, म्हणून मी "दे" टाळून "सोड" वापरते. स्पॅनिएलला लांबून सांभाळायचे तर शिट्टी हवीच, आणि इथे मुंबईची एक अडचण आहे. पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना वॉचमन शिट्ट्या मारतो, सिग्नलवर हवालदार मारतो, घरात कुकर मारतो. त्यामुळे तुमच्या शिट्टीचा सूर आणि नमुना वेगळा असावा लागतो. ॲक्मे कंपनीची २१०.५ क्रमांकाची शिट्टी स्पॅनिएलवाल्यांमध्ये प्रचलित आहे. क्रमांकावरून सूर ठरलेला असल्यामुळे एक हरवली तरी दुसरी तशीच मिळते. आखूड तीन-चार फुंका म्हणजे परत ये, आणि एक लांब फुंक म्हणजे बस आणि बघ, अशी पद्धत आहे. आईंनी जेवणाचे भांडे खाली ठेवताना रोज आखूड फुंका माराव्यात. आठवड्याभरात पिल्लू त्या आवाजाला घराच्या कोणत्याही कोपऱ्यातून धावत येईल. लांब फुंक मात्र "बस" पक्के झाल्याशिवाय सुरू करू नका.

शोधण्याचे काम सर्वांत आनंदाचे आहे आणि त्यासाठी रान लागत नाही. सुरुवातीला त्याच्या जेवणातले मूठभर दाणे गच्चीवर किंवा पायपुसण्यांच्या घडीत विखरून "शोध" म्हणा. लसी पूर्ण झाल्यावर गवतात टेनिसचा चेंडू लपवा. इथे एक बारकावा आहे: चेंडू नेहमी तुमच्या पावलांपासून आठ-दहा पावलांच्या आतच सापडला पाहिजे. वस्तू मालकाजवळच सापडतात असे ज्या पिल्लाला वाटते ते मोठेपणी टप्प्याबाहेर जात नाही. ज्याला पहिली मजा लांब जाऊन सापडली ते लांबच जाते. पुढे, सहाव्या-सातव्या महिन्यानंतर, गाडीच्या काचेवरच्या वायपरसारखे डावी-उजवीकडे फिरायला शिकवताना वारा समोरून घ्या, म्हणजे वास त्याच्या नाकाकडे येतो. हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दुपारकडे उलटा फिरतो. म्हणून पहाटे वाळूवर शिकवायचे असेल तर समुद्राकडे पाठ करून चाला. पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर निळ्या जेलीफिश येतात, त्या काळात वाळूवर नेणे टाळा. आरे कॉलनीत बिबट्यांचा वावर आहे, तेव्हा पहाटे किंवा सांजवेळी तिथे स्पॅनिएलला मोकळे सोडणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे आहे.

शेतावर जाण्यापूर्वी काय काय झालेले असावे, ते एकत्र सांगते. १६ आठवड्यांपर्यंत बघणे, खाऊ हलकेच घेणे, जेवणाची शिट्टी आणि पॅसेजमधला मोजा. त्यानंतर दिवाळीपर्यंत "बस", लीशवर सैल चालणे आणि जवळच्या जवळ शोधणे. हिवाळ्यात, १० मीटरच्या लांब दोरीवर, मोकळ्या जागी हेच सगळे. फेब्रुवारीच्या सुमारास ते आठ महिन्यांचे होईल; त्या वयात कुत्रा ऐकेनासा होतो, आणि नेमके तेव्हाच दोरी काढण्याची घाई सगळ्यांना होते. दोरी राहू द्या.

कर्जतबद्दल तुमच्या मनात शिकारीचा विचार असेल तर तो काढून टाका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तित्तर, लाव्ह्यांसारख्या रानपक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे, आणि त्याबद्दल मला वैयक्तिकरीत्याही काही वेगळे वाटत नाही. गनडॉगचे काम कापडी डमीवर, म्हणजे पक्ष्याऐवजी फेकायच्या कापडी गुंडाळीवर, संपूर्ण शिकवता येते, आणि कुत्र्याचा आनंद त्यात तसूभरही कमी होत नाही. नाक वापरणे, थांबणे आणि आणून देणे यातच त्याचे समाधान आहे. सुरक्षा दलांच्या श्वानपथकांत कॉकरला वासाच्या कामासाठी घेतात ते याच गुणांमुळे. भातकापणी झालेली खाचरे यासाठी उत्तम, कारण जमीन सपाट आणि नजर लांबवर जाते. बांधावरच्या उंच गवतात आणि झुडपांत त्याला सोडू नका. घोणस आणि फुरसे दोन्ही तिथे असतात आणि स्पॅनिएल आधी नाक घालतो. उन्हाळ्यात टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात, त्या सुमारास ती जागा सोडा. शेतात नुकतीच फवारणी झाली आहे का हे मामांना विचारूनच जा.

परत आल्यावर कान आणि पंजे तपासणे हे शिक्षणाइतकेच महत्त्वाचे आहे. पावसाळा सरला की गवताला कुसळे येतात. ती स्पॅनिएलच्या कानात शिरतात, पायाच्या बोटांमधून कातडीत घुसतात आणि आपोआप बाहेर येत नाहीत. कुत्रा एकाच बाजूला मान झटकत असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जा. लोंबत्या कानांत मुंबईच्या दमट हवेत ओल साठून संसर्ग होतो, म्हणून भिजल्यावर कान आतून टिपून कोरडे करा आणि कानाच्या खालच्या बाजूचे केस बारीक ठेवून घ्या. आतापासून रोज एकदा खाऊ देत कान उचलण्याची, पंजे दाबण्याची, तोंड उघडण्याची सवय लावा. गोचिडांचे औषध वर्षभर द्या. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तेव्हा त्याची लस वेळापत्रकात आहे ना हे विचारून घ्या. रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना हेही राहू देऊ नका. उन्हाळ्यात हाताची पालथी बाजू डांबरावर पाच सेकंद टेकवता आली नाही तर त्यावर त्याला चालवू नका.

एक गोष्ट तुमच्या वर्णनावरून मला ठरवता आली नाही, ती म्हणजे गुरगुरण्याचे स्वरूप. मोजा घेऊन ते अंग वळवत, शेपूट हलवत गुरगुरत असेल, तर तो बहुतेक खेळ आहे आणि वरचा पॅसेजचा धडा पुरेसा आहे. पण ते वस्तूवर मान खाली घालून गोठल्यासारखे होत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असेल, किंवा जेवणाच्या भांड्याजवळही तसेच करत असेल, तर ९व्या आठवड्यातच वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्यांना दाखवा आणि तोपर्यंत मुलीला त्याच्या जेवणाच्या वेळी त्या खोलीत जाऊ देऊ नका. पुढचे दोन-तीन दिवस नीट पाहा, शक्य झाल्यास लांबून मोबाईलवर चित्रण करा, आणि काय दिसले ते कळवा. त्यावरून मोज्याचा धडा कोणत्या वेगाने पुढे न्यायचा ते मी सांगू शकेन.